चोवीस तास चालणाऱ्या गोदामात रोबो स्क्रबर: इंदूरकडे कोणी वापरतंय का?

गोदाम_देवासनाका
नमस्कार मंडळी. देवास नाक्याजवळ ८०,००० चौरस फुटांचं गोदाम आहे. हार्डनर (पृष्ठभाग कडक करणारं केमिकल) मारलेलं काँक्रीट, रॅकमधल्या गल्ल्या २.८ मीटर. रॅक सोडून धुवायची मोकळी जागा साधारण ४,२०० चौरस मीटर. रीच ट्रक (उंच रॅकमध्ये माल ठेवणारी फोर्कलिफ्ट) आणि बॅटरी पॅलेट ट्रक दिवसरात्र चालू असतात. सध्या फ्लोअर घासून मळकं पाणी ओढून घेणारी, मागून चालवायची दोन स्क्रबर मशीनं आहेत. त्यांच्याऐवजी स्वतः फिरणारा एक रोबो स्क्रबर घेतला तर रोज सगळं फ्लोअर होईल का? आणि गाड्या बंद न करता चालेल का?

ब्रश_आणि_स्क्वीजी
आधी हिशोब मांडा. ७० सेंटीमीटर रुंदीचं मशीन सेकंदाला १ मीटर चालतं असं धरलं तर कागदावर तासाला २,५२० चौरस मीटर होतात. पट्ट्यावर पट्टा १० सेंटीमीटर चढवावा लागतो, म्हणजे २,१६० उरले. वळणं, अडथळे, थांबणं यात जवळपास निम्मं जातं, म्हणून तासाला ११०० ते १२०० हाच आकडा खरा धरा. पाणी मिनिटाला २ लिटर सोडलं तर १०० लिटरची टाकी ५० मिनिटांत संपते. तुमच्या जागेला चार-पाच टाक्या लागतील, आणि दर वेळी मळकं पाणी काढून नवं भरायला पंधरा मिनिटं. एकूण साडेचार-पाच तास. एका मशीनमध्ये बसतं, पण टाकी बदलायला माणूस लागणारच. दोन माणसांचा पगार वाचेल असं धरून पैसे टाकू नका.

दुसरं म्हणजे झाडू. स्क्रबर म्हणजे झाडू नव्हे. पॅलेटवरून फाडलेली स्ट्रेच फिल्म पारदर्शक असते, जमिनीला चिकटून पडते, सेन्सरला अडथळा म्हणून दिसत नाही. मशीन तिच्यावरून जातं आणि तिचा तुकडा स्क्वीजीच्या (मागची पाणी ओढून घेणारी पट्टी) रबराखाली अडकतो. तेवढ्या बोटभर जागेतून पाणी सुटत राहतं आणि अख्ख्या गल्लीत ओली रेघ उमटते. मागे चालणारा माणूस ती लगेच पाहतो, रोबो मात्र तसाच पुढे जातो. पॅकिंगची प्लास्टिक पट्टी असेल तर ब्रशच्या दांड्याला गुंडाळून मोटर ओव्हरलोडवर बंद पडते. म्हणून रोबोच्या आधी अर्धा तास रुंद डस्ट मॉप फिरलाच पाहिजे, आणि फिल्म टाकायला प्रत्येक पॅकिंग टेबलाजवळ ड्रम हवा.

टाकीत कपड्यांची साबण पावडर कोणालाही टाकू देऊ नका. फेस मळक्या पाण्याच्या टाकीत वर चढतो, टाकी भरली की सक्शन बंद करणारा फ्लोट त्याला अडवू शकत नाही, आणि ओलावा व्हॅक्यूम मोटरमध्ये जाऊन ती जळते. कमी फेसाचं, न्यूट्रल केमिकल वापरा. डब्यावर १:२०० लिहिलं असेल तर १०० लिटरला अर्धा लिटरच.

बोअरिंगचं पाणी जड असेल तर सोलेनॉइड व्हॉल्व्ह (पाणी चालू-बंद करणारा विजेचा व्हॉल्व्ह) आणि गाळणीत क्षार बसतो. टाकी भरलेली दिसते, पण ब्रशवर पाणी निम्मंच पोचतं. गाळणी आठवड्यातून एकदा उघडून धुवा.

सेफ्टी_पीथमपूर
गाड्यांबद्दल सांगतो, कारण इथेच जास्त चुका होतात. बऱ्याच मशीनांचा मुख्य लायडार (लेझरने अंतर मोजणारा सेन्सर) जमिनीपासून वीतभर उंचीवर आडवा बघतो. रीच ट्रकचे फोर्क (माल उचलायचे काटे) खाली टेकलेले असले तर ते त्या रेषेच्या खाली राहतात, छातीइतके उचललेले असले तर वर. दोन्ही वेळा लायडारला ते दिसत नाहीत. पॅलेटबाहेर आलेल्या मालाचंही तेच. वरचे ३डी कॅमेरे मदत करतात, पण काळ्या, चकचकीत किंवा बारीक वस्तूंवर ते कमी पडतात. तेव्हा नियम साधा ठेवा: ज्या गल्लीत रोबो, त्या गल्लीत गाडी नाही.

२.८ मीटरच्या गल्लीत दोघं समोरासमोर आले तर रोबो थांबतो, ड्रायव्हर हॉर्न वाजवत बसतो, मग कोणीतरी वैतागून इमर्जन्सी बटण दाबतं आणि मशीनला पुन्हा मार्गावर आणावं लागतं. गोदामाचे चार-पाच भाग पाडा आणि प्रत्येक भागाला तासाभराची वेळ द्या: जेवणाची सुट्टी, शिफ्ट बदल, ज्या रॅकमध्ये त्या वेळी पिकिंग नाही ती रॅक. गल्लीच्या दोन्ही तोंडांना साखळी लावा. फ्लोअर वाळेपर्यंत ती काढायची नाही, कारण पॉलियुरेथेनची चाकं ओल्या काँक्रीटवर घसरतात आणि ब्रेक लागायला जास्त अंतर लागतं.

डॉकचा, म्हणजे ट्रकमध्ये माल चढवायच्या-उतरवायच्या ओट्याचा भाग मशीनच्या नकाशातच वर्ज्य करून टाका. उघड्या दारातून येणाऱ्या उन्हाने कॅमेरा चकतो, आणि डॉकच्या कडेवरून मशीन खाली जाण्याचा धोका केवळ कडा ओळखणाऱ्या सेन्सरवर सोडू नये. तो पट्टा हाती मशीननेच करा.

गोदाम_देवासनाका
फार उपयोगी, दादा. पावसाळ्यात यार्डातली काळी माती टायरांना चिकटून आत येते, आणि ब्रेकचे काळे डाग वर्षभर. ते रोबो काढेल का?

ब्रश_आणि_स्क्वीजी
काळे डाग एका फेरीत निघत नाहीत. रोबो पाणी टाकतो आणि लगेच ओढून घेतो, केमिकलला काम करायला वेळच मिळत नाही. त्यासाठी तुमची जुनी दोनपैकी एक मशीन ठेवाच. स्क्वीजी वर उचलून अल्कलाइन क्लीनरने घासा, पाच मिनिटं भिजू द्या, सुकू मात्र देऊ नका, मग दुसऱ्या फेरीत पाणी ओढा. रोजच्या कामाला लाल पॅड पुरतं. काळं पॅड रोज लावलंत तर फ्लोअरची चमक जाईल.

माळव्याची काळी माती ओली झाली की लगदा होते. तो होजच्या वाकणात बसतो, सक्शन पडतं आणि मागे चिखलाची पातळ साय राहते. पावसाळ्यात दर टाकीला होज सोडवून पाण्याने फ्लश करा, टाकीच्या तळाचा गाळ हाताने काढा. तो गाळ नालीत सोडला तर नाली तुंबते, आधी बसवायला एक ड्रम ठेवा. दारापासून आत आठ-दहा मीटर माती खरवडून, झाडून घ्या, मगच रोबोची हद्द सुरू करा.

सेफ्टी_पीथमपूर
अजून एक. डेमो रिकाम्या हॉलमध्ये बघू नका. तुमच्याच गोदामात, माल भरलेल्या एकसारख्या लांब गल्ल्यांमध्ये आठवडाभर चालवून घ्या. तळाच्या पॅलेट रोज बदलतात, त्यामुळे मशीनचा नकाशा आणि समोरचं दृश्य जुळत नाही आणि ते आपली जागा विसरतं. दिवसातून किती वेळा अडकलं, सोडवायला किती मिनिटं गेली, हे शिफ्टनिहाय लिहून ठेवा. स्क्वीजीचं रबर, ब्रश, पॅड होल्डर आणि व्हॅक्यूम मोटर इंदूरमध्ये स्टॉकला आहेत की बाहेरून येतात, ते ऑर्डरवरच लिहून घ्या.