बी विंग ग्रुप : जुना निकॉन घ्यावा का?

*शुक्रवार*

*बी-३०२:* नमस्कार मंडळी. लेकीला कॉलेजसाठी कॅमेरा हवाय. घोडबंदरचे एक गृहस्थ निकॉन डी७२०० विकतायत. सोबत १८-१४० झूम लेन्स, बॅग, ट्रायपॉड, कार्ड. ४०,००० म्हणतात. २०१६ चं बिल आणि बॉक्स आहे. "हौसेने घेतला, कपाटातच राहिला" म्हणाले. घ्यावा का?

*ए-५०३:* मोबाईलने नाही का भागणार?

*बी-३०२:* कॉलेजात शटर, ॲपर्चर (उजेड आत येण्याचं छिद्र) सगळं हाताने सेट करायला लावतात हो.

*ए-१०४:* काकू, मॉडेल छान आहे. २४ मेगापिक्सेल, दोन कार्ड स्लॉट. आधी शटर काउंट, म्हणजे आजवर किती फोटो काढलेत तो आकडा, बघा. याचं शटर कंपनीने दीड लाख क्लिकपर्यंत तपासलेलं आहे. आत्ता काढलेला एक फोटो मागवा, आकडा त्या फाइलमध्येच असतो. पण डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. साधा फोटो पाठवला तर व्हॉट्सॲप ती माहिती काढून टाकतं.

*बी-३०२:* मागवला. ६,१०० च्या आसपास दिसतोय.

*ए-१०४:* मग डोळे मिटून घ्या!

*बी-७०१:* ताई, घाई नको. मला त्या कमी आकड्याचीच काळजी वाटते. शटर वापराने झिजतं हे खरं, पण आपल्याकडच्या पावसाळ्यात लेन्स न वापरल्याने जास्त खराब होते. बंद कपाट, त्यात बॅग, दमट हवा. बुरशीला आणखी काय हवं? लग्नाची कामं करणाऱ्याकडचा ६०,००० क्लिकचा कॅमेरा मी एक वेळ आनंदाने घेईन, कारण तो रोज उजेडात आणि हवेत असतो.

*बी-३०२:* काका, बुरशी ओळखायची कशी?

*बी-७०१:* लेन्स कॅमेऱ्यावरून काढायची. मागे एक छोटी पट्टी असते, ती बोटाने हलकेच सरकवून धरली की आतली पाती उघडतात. तसं केलं नाही तर काहीच दिसणार नाही. मग एका बाजूने मोबाईलचा टॉर्च मारून दुसऱ्या बाजूने तिरकं बघायचं. थोडी धूळ चालते, फोटोत येत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले, विशेषतः कडेला, तर ती बुरशी. साफ करून मिळते, पण काचेवरचा लेप खाल्लेला असेल तर तो परत येत नाही.

बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, तपासायला ॲपर्चर एफ/२२ वर, म्हणजे अगदी बारीक, ठेवून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा आणि मोठा करून बघा. धुळीचे ठिपके सेन्सर साफ केल्यावर जातात, ओरखडा जात नाही. पकडायचं रबर फुगलंय का, दोन्ही कार्ड स्लॉट चालतात का, हेही बघा. मेनूत बॅटरी इन्फो आहे, तिथे बॅटरीचं वय ० ते ४ मध्ये दिसतं. ४ म्हणजे बदलायला आली. बिलावरचा सिरीयल नंबर बॉडीच्या तळाशी जुळवून घ्या.

*बी-३०२:* आणि ४०,००० बरोबर आहेत का? बिल ७०,००० च्या वर आहे.

*बी-७०१:* बिल फक्त मालकी दाखवायला. कंपन्या आता मिररलेसकडे, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे गेल्यात, त्यामुळे अशा आरशाच्या कॅमेऱ्यांचे भाव उतरलेत. बॅग, ट्रायपॉड, कार्ड यांचे पैसे धरूच नका. फोर्टला बोरा बाजारातल्या दुकानात दोन फोन करा. एका ठिकाणी विचारा, हा सेट विकायला आणला तर किती द्याल? दुसरीकडे विचारा, घ्यायचा तर कितीला? घरगुती व्यवहाराचा भाव या दोन्हींच्या मध्ये असतो, कारण दुकानदार थोडी गॅरंटी देतो, हे गृहस्थ देणार नाहीत.

*बी-३०२:* विचारलं काका. २१,००० ला घेतील, आणि ३१,००० ला तीन महिन्यांच्या गॅरंटीने देतील.

*बी-७०१:* म्हणजे लेन्स स्वच्छ असेल तर २६,०००. आणि बघण्याआधी टोकन पाठवू नका, कितीही आग्रह झाला तरी.

*शनिवार*

*बी-३०२:* जाऊन आलो. लेकीने टॉर्च मारला. कडेला तंतू आहेत! गृहस्थांना खरंच माहीत नव्हतं, त्यांचाच चेहरा पडला. बॉडी मात्र स्वच्छ, सिरीयल नंबर जुळला, बॅटरीचं वय ०.

*ए-१०४:* काका, मानलं. मी फक्त काउंटच बघितला असता.

*बी-७०१:* मग फक्त बॉडी घ्या, १८,००० सांगा. लेन्स त्यांच्याकडेच राहू द्या. लेकीसाठी या कॅमेऱ्याला बसणारी ३५ एमएमची एफ/१.८ डीएक्स लेन्स बघू, जुनी आणि स्वच्छ दहा हजारांच्या आत मिळायला हवी. झूम नसलं की पायांनी पुढे-मागे व्हावं लागतं, शिकायला ते उत्तमच. कमी उजेडातही ती १८-१४० पेक्षा बरी.

*ए-५०३:* आणि आपल्याकडे आल्यावर बुरशी लागली तर?

*बी-७०१:* कपाटात नाही ठेवायचा. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि हवेतला दमटपणा मोजणारा छोटा हायग्रोमीटर. काटा ४०-५० टक्क्यांत राहिला पाहिजे. जेलचा रंग बदलला की मंद आचेवर गरम करून परत वापरता येतं.

*बी-३०२:* ते १९,००० म्हणतायत.

*बी-७०१:* द्या. माणूस सरळ आहे. पावतीवर सिरीयल नंबर लिहून दोघांच्या सह्या घ्या, आणि त्यांनाही लेन्स साफ करून घ्यायला सांगा, अजून वाचेल.