परळ, बशी की थाळी?

प्रश्न : माझी धाकटी बहीण चित्रकार आहे. वर्षभर कोल्हापुरात शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत एका आजोबांजवळ बसून ती चाकावर मातीची पसरट भांडी करायला शिकली. आता त्यांवर माणसं रंगवते. आखाड्यात माती अंगाला लावणारा पैलवान, गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर धार काढणारा गवळी. भिंतीला लावायची आहेत. प्रदर्शनातल्या चिठ्ठीवर काय लिहू? 'डेकोरेटिव्ह प्लेट' नको वाटतं आणि 'शोभेची बशी' म्हटलं की चहाच आठवतो.

प्रतिसाद : ताई, 'परळ' लिहा. मातीच्या उथळ, पसरट भांड्याला आपल्याकडं हाच शब्द आहे. ताट, थाळी, तबक म्हटलं की धातू डोळ्यांसमोर येतो. येळणी मातीचीच, पण ती घागरीवर झाकायची. आमच्या आजीच्या तोंडी परळ रोज असायचा. असा शब्द घरात असताना 'चित्रथाळी' घडवू नये असं मला मनापासून वाटतं.

प्रश्नकर्ती : परळ पटला. पण तिच्या परळावर पांढरा, चकचकीत थर आहे. त्यात कथील असतं, म्हणून एकानं 'कल्हई' सुचवलं. चालेल?

प्रतिसाद : नाही चालणार. कल्हईत तापलेल्या भांड्यावर नवसागर टाकून कथील वितळवतात आणि कापसानं फिरवतात. थर धातूचाच राहतो. इथं कथलाचा ऑक्साइड काचेत मिसळलेला असतो, त्यानं काच दुधासारखी पांढरी होते आणि खालची लाल माती झाकली जाते. इटलीत 15व्या-16व्या शतकात माजोलिका नावाच्या रंगीत मातीच्या थाळ्यांवर अशाच पांढऱ्या थरावर कथाप्रसंग रंगवत. 'झिलई'ही मी टाळेन. नुसत्या मडक्याला गुळगुळीत दगडानं घोटलं तरी झिलई येते, त्यात काच कुठं असते? 'काचलेप' म्हणा, ऐकणाऱ्याला लगेच कळतं.

प्रश्नकर्ती : काचलेपच लिहिते. ती न भाजलेल्या लेपावरच रंगवते. कोरडा लेप कुंचल्यातलं पाणी क्षणात पिऊन टाकतो, ओढलेली रेघ पुसता येत नाही. कोबाल्ट लावताना काळा दिसतो, भाजल्यावर निळा होतो. म्हणजे पैलवानाचा लंगोट कसा दिसेल हे आधी मनातच बघायचं!

आणखी एक प्रतिसाद : भाजण्याचंही नीट लिहा. आवा आणि भट्टी एक नव्हे. आव्यात भांडी आणि जळण एकत्र रचलेलं असतं, धग आणि राख थेट लागते. राख बसली तर काचलेप डागाळतो.

प्रश्नकर्ती : बरोबर, पहिलं भाजणं आजोबांच्या आव्यात, दुसरं विजेच्या भट्टीत. मग चिठ्ठी अशी करते :

'धार'. चाकावर घडवून आव्यात भाजलेला परळ. काचलेपावर रंगवून पुन्हा भट्टीत भाजलेला.