ड्रॅगनच्या गुहेची मिस्टरी कॅश : 15 काठ्यांचं कोडं सुटत नाहीये

नकाशावेडी :
नमस्कार मंडळी, जिओकॅशिंगमधल्या (जीपीएसने लपवलेले डबे शोधायचा खेळ) एका मिस्टरी कॅशवर, म्हणजे आधी कोडं सोडवून खरी जागा काढायची अशा डब्यावर, तीन आठवडे अडकलेय. पेजवर मोठी गोष्ट आहे, एक म्हातारा बुटका लोहार ड्रॅगनच्या गुहेतलं सोनं आणायला जातो वगैरे, आणि गुहेच्या दाराचं चित्र आहे. दारावर 15 उभ्या काठ्या कोरल्यात, प्रत्येकीला डावीकडे 1 ते 3 फांद्या आणि उजवीकडे 1 ते 8. शोधल्यावर कळलं की ही रुन, म्हणजे उत्तर युरोपातली जुनी लिपी, लपवून लिहायची पद्धत आहे, डाव्या फांद्या म्हणजे कितवा गट आणि उजव्या म्हणजे त्या गटातलं कितवं अक्षर. जुन्या फुथार्कमध्ये, म्हणजे रुनच्या जुन्या वर्णमालेत, 24 अक्षरं, आठाआठाचे तीन गट, म्हणजे हिशोब बरोबर बसतोय. पण अक्षरं लावली की नुसती खिचडी, एक शब्द बनत नाही. त्यावर अक्षरं सरकवायची सायफरं, म्हणजे गुप्त लिखाणाच्या पद्धती, लावून बघितली, आधी सीझर, मग किल्लीचा शब्द लागणारी विजनेअर, गोष्टीतला प्रत्येक शब्द किल्ली म्हणून घालून झाला. आणि सगळ्यात आधी तर पेजवर दिलेल्या कोऑर्डिनेट्सवर जाऊन तासभर झुडपं धुंडाळली होती, मिस्टरीमध्ये ती जागा खरी नसते हे तेव्हा माहीतच नव्हतं. डिफिकल्टी (कोडं किती अवघड) 4 आहे, टेरेन (वाट किती अवघड) 1.5. हिंट उलगडली तर दोनच शब्द, "नखं मोज". उत्तर नकोय, कुठे चुकतेय तेवढं सांगा.

डबाशोध्या :
उत्तर सांगणारच नाही, ते तूच काढशील. पण एक विचार, काठ्या 15 च का? डिग्री-मिनिटात लिहिलेले कोऑर्डिनेट्स घे, अक्षांशाचे 2 आकडे डिग्रीचे, 2 मिनिटाचे, 3 दशांशाचे झाले 7, आणि रेखांशाची डिग्री तीन आकडी लिहितात म्हणून तिथे 8. एकूण 15. म्हणजे शब्द बनायचाच नाहीये गं, प्रत्येक काठी एक आकडा आहे. मी कुठलंही कोडं हातात घेतलं की आधी मोजतो, 15 किंवा 14 आलं की लिपी, सायफर सगळं बाजूला ठेवून आधी आकड्यांचा विचार करतो, कारण शेवटी आपल्याला तेवढंच हवं असतं.
दुसरं म्हणजे अर्धं उत्तर तुझ्याकडे आहेच. पेजवरची जागा खोटी असली तरी खरा डबा साधारण तिच्यापासून 3 किमीच्या आत असतो, तसा नियम आहे. अक्षांशाचा एक मिनिट म्हणजे 1.85 किमी, त्यामुळे डिग्री बहुतेक तीच आणि अक्षांशाचा मिनिट फार तर दोनाने मागेपुढे. कुठलीही पद्धत लावलीस की आधी हे आकडे जुळतायत का बघ.

नकाशावेडी :
अरे देवा, 15 मोजले पण तिथपर्यंत डोकं गेलंच नाही! पण मग उजव्या फांद्या नुसत्या आकडा म्हणून घेतल्या तर 9 आणि 0 कुठून येणार? आणि डाव्यांचं काय करायचं?

रानवाट :
गोष्टीत नखांबद्दल जे वाक्य आहे ते जसंच्या तसं टाक बरं इथे.

नकाशावेडी :
"ड्रॅगन एकेका नाण्याला एकेक नख दुमडी, दहाही नखं दुमडली की सगळी उघडी आणि पुन्हा पहिल्यापासून धरी."

रानवाट :
हेच ते. मी स्वतः अशी कोडी बनवते म्हणून सांगते, गोष्टीत बाकी कितीही सजावट असली तरी जे वाक्य काढलं तर गोष्टीला काही फरक पडत नाही ते तिथे कामासाठीच ठेवलेलं असतं. ड्रॅगन कसा मोजतो याच्याशी लोहाराचं काय देणंघेणं?
तुझ्या काठ्या सोडून माझी एक घेते. डावीकडे 2, उजवीकडे 5. पहिल्या गटातली 8 अक्षरं ओलांडली, पुढची 5, म्हणजे 24 मधलं 13 वं. आता नखांवर मोज, दहा झाली की सगळी उघडी, उरली 3. आकडा 3. डावीकडे 2 उजवीकडे 2 असेल तर बरोबर 10, काहीच दुमडलेलं उरत नाही, म्हणजे 0. 9 असाच 9 व्या आणि 19 व्या अक्षरातून येतो.
डिग्री नाहीच जुळली तर गटांचा क्रम उलटा करून बघ. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवर मेशोव्ह नावाची अश्मयुगीन कबर आहे, तिच्या आत 12 व्या शतकात नॉर्स (स्कँडिनेव्हियातल्या) लोकांनी अशाच फांद्यांच्या रुन कोरून ठेवल्यात, आणि त्या पद्धतीत शेवटचा गट पहिला धरायची रीत होती. ज्याला ही लिपी खरंच आवडते तो कोडं बनवणारा हे मुद्दाम वापरतो.

जुना भिडू :
दोघांनी छान सांगितलंय. मी एवढंच म्हणेन की तीन आठवडे एकटीने झगडायच्या ऐवजी ओनरला, म्हणजे डबा लपवणाऱ्याला, मेसेज करायचा होतास, काय काय करून झालं ते लिहून. मी कोडी लपवतो तेव्हा असा मेसेज आला की मला फार बरं वाटतं, कोणीतरी मनापासून बसलंय हे कळतं.
आणि जागेवर गेल्यावर फोनच्या बाणावर डोळे लावून बसू नकोस. 2000 च्या मे महिन्यात जीपीएसमधली मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये या खेळातला पहिला डबा, एक बादली, लपवला गेला, तेव्हापासून अचूकता खूप सुधारलीये, पण झाडांखाली अजूनही 8-10 मीटर इकडेतिकडे होतंच. शेवटच्या दहा मीटरला फोन खिशात आणि डोळे उघडे. डब्यातल्या वहीत नोंद करायला पेन स्वतःचं ने.

नकाशावेडी :
सुटलं!!! सरळ क्रमाने लावलं तर डिग्रीतला एक आकडा जुळत होता आणि बाकीचे नाही, त्यानेच गोंधळ झाला. मग लक्षात आलं, त्या काठीला डावीकडे दोन फांद्या आहेत, मधला गट, तो उलटा केला तरी मधलाच राहतो. गट उलटे केले आणि डिग्री तंतोतंत, मिनिट एकाने पुढे. उत्तर तपासणाऱ्या चेकरने हिरवं दाखवलं तेव्हा हात थरथरत होते. रविवारी पहाटे निघतेय, लॉगमध्ये, म्हणजे डबा सापडल्याच्या नोंदीत, कोड्याबद्दल अवाक्षर लिहिणार नाही पण ओनरला वेगळा मेसेज करून त्या नखांच्या वाक्याबद्दल नक्की सांगणार आहे.