मदत हवी आहे: गॅरेजच्या दाराची डावी केबल वर गेल्यावर सैल पडते

दार सुमारे 2.1 मीटर उंच, दाराच्या वरच्या शाफ्टवर (आडव्या दांड्यावर) दोन टॉर्शन स्प्रिंग (पीळ देऊन दाराचं वजन तोलणाऱ्या), टोकांना 4 इंची ड्रम (केबल गुंडाळणाऱ्या चकत्या). दोन्ही स्प्रिंगना 30 पाव-फेरे, म्हणजे साडेसात पूर्ण फेरे दिलेत. ओपनर (दार उघडणारी मोटर) सोडवून दार अर्ध्यावर थांबवलं तर ते हळूहळू खाली सरकतं, आणि पूर्ण उघडल्यावर फक्त डावी केबल ढिली होते.

दोन्ही स्प्रिंग एकाच शाफ्टला फिरवतात, त्यामुळे एका बाजूचा ढिलेपणा फेऱ्यांतल्या फरकाने येणार नाही. डावा ड्रम शाफ्टवर सरकला असेल किंवा केबलची लांबी कमी-जास्त असेल, असा अंदाज आहे. बरोबर आहे का?

ड्रमचे स्क्रू ताण असताना सोडणं जिवावर बेतू शकतं. म्हणून दार बंद, रुळावर रोलरच्या वर लॉकिंग प्लायर (घट्ट अडकून राहणारी पक्कड), मग अर्ध्या इंची भरीव पोलादी सळ्यांनी दोन्ही स्प्रिंग पूर्ण उलगडायच्या आणि त्यानंतरच ड्रमला हात लावायचा, हा क्रम पक्का धरलाय. (स्क्रूड्रायव्हर सळीऐवजी कधीच नको, तो निसटतो.)

परत पीळ देताना दोन्हीकडे एकेक पाव-फेरा वाढवून तपासू का? की स्प्रिंगच्या 20 वेटोळ्यांची लांबी मोजून तारेची जाडी आधी पडताळावी?