उत्तर: इंजिन रिबिल्डचं शेड्यूल का कोलमडतं?

वर विचारलंय, नवा माल बनवणाऱ्या कारखान्यासारखं महिन्याचं शेड्यूल लावलं तर रिबिल्डच्या, म्हणजे जुनं इंजिन खोलून, दुरुस्त करून परत जोडायच्या शॉपमध्ये ते का कोलमडतं? बेळगावच्या उद्यमबागेत आमचं हेच काम आहे, म्हणून लिहितो.

इंजिन उघडल्याशिवाय त्यात काय करायचंय ते कळतच नाही. क्रँकच्या (इंजिनातल्या फिरत्या दांड्याच्या) एका जर्नलवर, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागावर, खोल ओरखडा निघाला की बाकीचेही त्याच मापाला ग्राइंड करावे लागतात, कारण अंडरसाइज (घासून बारीक झालेल्या जर्नलला बसणारी) बेअरिंग सेटमध्येच मिळतात. मग ०.२५ मिमी अंडरसाइजची ऑर्डर आधीच देऊन ठेवली असेल आणि क्रँक ०.५०वर गेला, तर तो सेट कपाटात पडून राहतो. आम्ही असे बरेच सांभाळलेत! आता आधी खोलणं, धुणं, माप घेणं. खरेदी आणि गिऱ्हाइकाला तारीख त्यानंतरच.

दुसरी गोची म्हणजे जोड्या. कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) आणि त्याची कॅप एकत्र मशीन केलेली असते, अदलाबदल चालत नाही. शिवाय गिऱ्हाइकाला त्याचाच ब्लॉक (इंजिनाचा मुख्य सांगाडा) परत हवा. म्हणून प्रत्येक इंजिनाला वेगळा ट्रे आणि पत्र्याचा नंबर. कागदी चिठ्ठी डिझेलने भिजते, मग वाचता येत नाही.

गळीत हंगाम संपला की उसाचे ट्रॅक्टर एकदम दारात येतात. सगळे खोलून ठेवायचा मोह आवरा. क्रँक घासायचा ग्राइंडर एकच असेल तर तो जेवढं उरकेल तेवढीच इंजिनं उघडा, बाकीची बंदच राहू देत. उघडलेल्या इंजिनाचे नट-बोल्ट हरवतात, शिव्या मात्र आपण खातो.