अर्धशिशी असताना माणसांत कसे राहावे? मदत हवी आहे

नमस्कार. मी 41 वर्षांची आहे, पुण्यात राहते आणि एका कार्यालयात हिशेबाचे काम करते. अर्धशिशी मला कॉलेजपासून आहे. गेल्या चार वर्षांत मात्र ती डॉक्टरांच्या भाषेत 'क्रॉनिक मायग्रेन' झाली आहे. तीन महिन्यांहून अधिक काळ महिन्याचे 15 किंवा जास्त दिवस डोके दुखत असेल आणि त्यांतले किमान 8 दिवस ते दुखणे अर्धशिशीचे असेल, तर हे नाव देतात. माझ्या वहीत गेल्या महिन्यात 17 दिवसांवर फुली आहे. न्यूरॉलॉजिस्टचे उपचार नियमित चालू आहेत, चष्म्याचा नंबर तपासून झाला आहे आणि नाकात तूप सोडूनही पाहिले आहे; तेव्हा कृपया उपाय सुचवू नयेत. माझा प्रश्न वेगळा आहे. उद्या आपण उभ्या असू की अंधाऱ्या खोलीत आडव्या, हे ज्या बाईला आज सांगता येत नाही, तिने लोकांना 'येते' असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

आम्हा सहा मैत्रिणींची भिशी आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एकीच्या घरी जमतो. सुरुवातीला मी न येण्याचे खरे कारण सांगत असे; पण तिसऱ्या-चौथ्या वेळी 'पुन्हा डोके का?' असे आले, तेव्हापासून मी सबबी सांगू लागले. कधी पाहुणे आले, कधी मुलाची परीक्षा. मार्च महिन्यात 'आम्ही साताऱ्याला आलो आहोत' असे कळवले आणि संध्याकाळी जरा बरे वाटल्यावर गॅलरीत कपडे काढायला गेले, तर खाली रस्त्यावर स्कूटर थांबवून आमच्यातलीच एक वर पाहत होती. तिने हात केला, मीही केला. त्या हात करण्याला आता सहा महिने झाले आणि त्याविषयी आम्ही दोघी अजून एक अक्षर बोललेलो नाही.

गैरसमज होतात ते असे, की खुलासा करावा तरी कसा, हे कळत नाही. डोके दुखू लागण्याच्या काही तास आधी मला जांभया येतात आणि मान आखडते; हा आजाराचाच भाग आहे. एका मैत्रिणीने मुलीच्या परदेशी शिक्षणाची हकिगत सांगायला घेतली आणि मी तिच्यासमोर बसून ओळीने सात-आठ जांभया दिल्या. तिला वाटले, मला कंटाळा आला. दुखणे ओसरल्यानंतरचा दिवसही असाच जातो. वेदना नसते, पण साधे शब्द सापडत नाहीत, आणि 'आता तर बरी आहेस ना, मग ये की' असा फोन नेमका त्याच दिवशी येतो.

गोळी घेऊन जावे, असे घरचे म्हणतात. इथेच खरी मेख आहे. मी घेते ती ट्रिप्टान गटातली गोळी महिन्यातून 10 किंवा त्याहून अधिक दिवस घेतली जाऊ लागली, की त्या गोळीमुळेच डोकेदुखी वाढण्याचा धोका असतो. साध्या वेदनाशामकांसाठी ही मर्यादा 15 दिवसांची आहे. दोन वर्षांपूर्वी मी ती ओलांडली होती आणि गोळ्या सोडवतानाचे पंधरा दिवस मला पुन्हा नको आहेत. त्यामुळे माझ्याकडे महिन्याला नऊच दिवसांची शिल्लक असते. ती कार्यालयासाठी वापरायची, मुलाच्या पालकसभेसाठी, की भिशीसाठी? दिवसभर दुसऱ्यांचे हिशेब जुळवणाऱ्या मला हा एक हिशेब जुळत नाही. खरे सांगायचे तर नोकरीच जिंकते आणि मैत्रिणींच्या वाट्याला गोळीविना उरलेले दिवस येतात.

काही गोष्टी मी आपल्या आपण बसवल्या आहेत. भिशीचे जेवण गप्पांत अडीचपर्यंत लांबते आणि उपाशी राहिले की माझे डोके हमखास चढते, म्हणून बारा वाजता घरून अर्धी भाकरी खाऊन निघते. रविवारीही रोजच्याच वेळी उठते आणि चहा चुकवत नाही. खिडकीकडे पाठ करून बसते. उदबत्ती आणि अत्तराचे मात्र कोणाला सांगवत नाही. दुसऱ्याच्या घरी जाऊन 'देवापुढची उदबत्ती विझवा' कसे म्हणणार?

डिसेंबरात कोल्हापूरला भाच्याचे लग्न आहे. हळदीला डीजे आहे, म्हणजे आवाज आणि लुकलुकणारे दिवे दोन्ही आले. मी हळद टाळून केवळ मुहूर्ताला उभी राहावे, असे माझ्या मनात आहे. ताईला हे आत्ताच सांगितले, तर ती तीन महिने खट्टू होईल आणि ऐन वेळी सांगितले, तर सगळ्या नातेवाइकांसमोर. सासूबाईंच्या मते 'आमच्याही वेळी डोकी दुखायची, पण आम्ही कार्ये सोडली नाहीत'. त्यांना स्वतःला अर्धशिशी होती, असे मामेसासूबाई सांगतात. त्यामुळे त्यांच्यावर रागावताही येत नाही.

ज्यांना हा त्रास आहे, त्यांनी जवळच्यांना एकदाच, सविस्तर कसे सांगितले, हे मला जाणून घ्यायचे आहे. 'येईन, पण कदाचित तासाभरात उठेन, आणि आले नाही तर कारण विचारू नका' असा करार कोणाचा टिकला आहे का? आणि ज्यांची मैत्रीण किंवा बहीण माझ्यासारखी आहे, त्यांनी स्पष्ट लिहावे, वाईट वाटले तरी चालेल: तुम्हाला तिने काय सांगितलेले आवडले असते?

येत्या रविवारी भिशी त्या स्कूटरवालीच्याच घरी आहे. शनिवारी रात्रीपर्यंत तिला काही तरी कळवायचे आहे आणि या वेळी सातारा सांगायचा नाही, एवढेच तूर्त ठरवले आहे.