फोनविरहित लग्न: पाहुणे न दुखावता कसं जमवावं?

मुहूर्त_१२_१०
डिसेंबरमध्ये पुण्यातल्या कार्यालयात लग्न आहे. ३५० पाहुणे, मुहूर्त दुपारी १२.१०. अंतरपाट धरला की नातेवाईक मोबाइल उंचावून स्टेजभोवती कोंडाळं करतात आणि मागच्यांना काहीच दिसत नाही, ते टाळायचंय. दारात फोन जमा करून टोकन द्यावं का? ज्येष्ठ मंडळींना वाईट वाटू नये, आणि न्यूयॉर्कच्या मावशीलाही लग्न पाहायचंय. पत्रिकेत काय लिहावं?

कार्यालय_व्यवस्था
टोकनचा विचार सोडून द्या. एक फोन घेऊन टोकन द्यायला २० सेकंद धरले तरी ३५० फोनना एका टेबलावर जवळपास दोन तास लागतात. चार टेबलं मांडलीत तरी अर्धा तास. बहुतेक पाहुणे मुहूर्ताच्या आधीच्या अर्ध्या तासातच येतात, म्हणजे मंगलाष्टका सुरू आणि माणसं दारात रांगेत! परत देताना हाल त्याहून जास्त: हरवलेली टोकनं, एकसारखे दिसणारे फोन, कुणाची काच तडकली तर भरपाई कोणी द्यायची हा वाद.

बंधन फक्त अंतरपाटापासून मंगलाष्टका संपेपर्यंत ठेवा. पंधरा-वीस मिनिटं कोणीही आनंदाने पाळतं. नंतर बरेच जण पंगतीकडे वळतात. कन्यादान, लाजाहोम, सप्तपदीला घरचेच उरतात, त्यांना आदल्या दिवशी सीमांतपूजनाला तोंडी सांगा.

पत्रिकेत ‘सक्त मनाई’ नको. असं लिहा: ‘मंगलाष्टकांच्या वेळी मोबाइल बाजूला ठेवून दोन्ही हातांनी अक्षता टाकाव्यात, ही नम्र विनंती. छायाचित्रे त्याच संध्याकाळी पाठवू.’ खाली विधीत नसलेल्या एका माणसाचा नंबर द्या, तातडीचा निरोप त्याच्याकडे येईल.

अंतरपाट धरण्याआधी पाच मिनिटं सूचना गुरुजींनीच माइकवरून द्यावी, त्यांचा शब्द सगळे मानतात. अक्षता खुर्च्यांवर आधी ठेवू नका. सूचनेनंतर लगेच करवल्यांनी हातोहात वाटाव्यात. ओंजळ भरली की फोन आपोआप खाली जातो. हॉलमध्ये मोठं घड्याळही लावा, वेळ बघायला म्हणूनही फोन निघतो.

कॅमेऱ्यामागून
वरच्याशी सहमत, पण संध्याकाळी फोटो आले नाहीत तर सगळं फिसकटतं. फोटोग्राफर दोन हवेतच. अंतरपाट खाली येताना वधू आणि वर समोरासमोर असतात, एका कॅमेऱ्यात दोन्ही चेहरे येत नाहीत. कॅमेऱ्यातल्या दुसऱ्या मेमरी कार्डवर छोट्या जेपेग फाइल साठवायला सांगा. जेवणं चालू असताना सहायक त्यातले ४० फोटो निवडेल. साधे व्हॉट्सॲपवर टाकले तर दर्जा घसरतो, म्हणून ड्राइव्हची लिंक द्या. आणि स्टेजवर भेटायला येताना फोन खुशाल चालू द्या. पाहुण्यांना खरा हवा असतो तो जोडप्यासोबतचा स्वतःचा फोटो.

मावशीसाठी यूट्यूबवर अनलिस्टेड (लिंक असेल त्यालाच दिसणारं) लाइव्ह करा. नव्या चॅनलला लाइव्ह सुरू व्हायला २४ तासांपर्यंत लागू शकतात, म्हणून तीन दिवस आधी चालू करून ठेवा. मोबाइलवरून लाइव्हला ५० सबस्क्रायबर लागतात, लॅपटॉप आणि वेबकॅमला ती अट नाही. आवाज साउंडवाल्याच्या मिक्सरमधून घ्या, नाहीतर मंगलाष्टकांऐवजी हॉलचा गोंगाटच ऐकू जाईल. कार्यालयाच्या वायफायवर विसंबू नका, वेगळं सिम ठेवा. तुमचे १२.१० म्हणजे न्यूयॉर्कला रात्रीचे १.४०, तेव्हा रेकॉर्डिंग त्याच लिंकवर राहू द्या.

मुहूर्त_१२_१०
टोकन रद्द. तरीही कुणी फोन वर केलाच तर?

कार्यालय_व्यवस्था
दोन्ही बाजूंच्या एकेका ज्येष्ठ काकूंना दुसऱ्या रांगेत कडेला बसवा. त्यांनी हसून एकदाच खूण करायची. ऐकलं नाही तर सोडून द्यायचं, फोन हातातून घ्यायचा नाही. बाउन्सर किंवा तरुण पोरं या कामाला नकोतच, तिथे अपमान होतो. ड्यूटीवरचे डॉक्टर आणि ज्यांचा शुगर सेन्सर फोनला जोडलेला आहे, त्यांची नावं काकूंना आधीच सांगा. करवल्या आणि मामांना मात्र सूट नाही. स्टेजवरच रील चालू दिसलं तर हॉलमधलं कुणीही ऐकणार नाही.